दोन पोती साड्या आणि एक जपानी शब्द

जपानी भाषेत एक शब्द आहे, आणि गेली बरीच वर्षं त्याच्या जिवावर माझं बरं चाललं आहे. मोत्ताइनाई.

मी पुण्यात जपानी शिकवते. व्याकरणाच्या वर्गाला जेमतेम नऊ डोकी जमतात, पण ‘मोत्ताइनाई’वर व्याख्यान ठेवलं की सभागृह भरतं. कंपन्या बोलावतात, सोसायट्या बोलावतात, एकदा तर एका मंगल कार्यालयाच्या मालकांनी बोलावलं होतं. मी सांगते, ‘मोत्ताई’ म्हणजे वस्तूचा अंगचा मान, ‘नाई’ म्हणजे नाही. शब्द बौद्ध मठांतून आला असं मानतात. वस्तूला तिच्या मानानं वागवलं नाही की जपानी माणूस हळहळतो. वाडग्यात भाताचं शीत राहिलं, मोत्ताइनाई. नळ उगाच वाहतोय, मोत्ताइनाई. पानात टाकणाऱ्या पोरांना तिकडे मोत्ताइनाईचं भूत येईल म्हणून घाबरवतात. कोणी आपल्या योग्यतेपेक्षा मोठी भेट दिली तरी संकोचून हाच शब्द म्हणतात. नवऱ्याच्या मानानं बायको फारच उजवी असली तरी हाच शब्द चालतो, पण ते मी हल्ली सांगत नाही, कारण श्रोत्यांत जोडपी असतात. शेवटच्या स्लाइडवर डोळे मिटलेल्या बुद्धाचं नुसतं डोकं असतं. टाळ्या होतात. मग सगळे अर्ध्या प्यायलेल्या पाण्याच्या बाटल्या खुर्चीखाली ठेवून जेवायला जातात. मीही जाते.

या शब्दाच्या भक्तांचा आमचा एक ग्रुप आहे, मी धरून अडतीस बायका. जुन्या साड्यांच्या पिशव्या शिवून घ्यायच्या, त्यावर जपानी अक्षरांत ‘मोत्ताइनाई’ छापायचं आणि प्रदर्शनात मांडायच्या असं ठरलं. शिवणार कोण? आमच्यातल्या एकीलाही सुईत दोरा ओवता येत नाही. तेव्हा मला प्रफुल आठवला. माझा विद्यार्थी, आता जपानात एका कारखान्यात आहे. त्याचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, दिग्रसपासून अर्ध्या तासावर. फोनवर म्हणाला, “मॅडम, आईच्या बचतगटाकडे तीन शिलाई मशिनी आहेत. काम नाही म्हणून झाकून ठेवल्यात. कापसाची वेचणी संपली की अकरा बायांना हातावर हात धरून बसावं लागतं. तुमचं काम मिळालं तर उन्हाळा निघेल.”

वर ही मंडळी बौद्ध. बौद्ध शब्द, बौद्ध बायका, जुनी वस्त्रं. माझ्या डोळ्यांसमोर माहितीपटच सुरू झाला. मी प्रफुलच्या आईला फोन करून सांगितलं, “कापड मी आणते, शिलाई तुमची.” त्या हो म्हणाल्या. कसलं कापड, हे त्यांनी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. ग्रुपवर आणि सोसायटीच्या फलकावर सूचना लावली, तर दोन दिवसांत दोन पोती भरली. कपाटात जागा उरली नाही की पुणेकर फार उदार होतात.

दिग्रस

प्रवासाबद्दल एवढंच सांगते की पोती माझ्यापेक्षा आरामात आली. स्टँडवर प्रफुलनं सांगून ठेवलेले रशीदभाई जीप घेऊन उभे होते. गावात त्यांचं गॅरेज आहे. जीपचं दार एका गाडीचं, आरसा दुसरीचा, हॉर्न ट्रॅक्टरचा. मी भारावून गेले. हाच तो वस्तूचा मान, म्हणून मी त्यांना रस्ताभर मोत्ताइनाई समजावून सांगितलं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

“मॅडम, नवा पार्ट भेटत नाही म्हून जुना बसवला,” ते म्हणाले. “भेटला असता तं नवाच बसवला असता.”

जिनिंग मिलच्या रस्त्याला दोन्हीकडच्या बाभळींना गाड्यांतला कापूस अडकून लोंबत होता. हळहळण्यासारखं दृश्य होतं, पण मी गप्प बसले.

गाव, पहिला दिवस

वच्छलाबाई, म्हणजे प्रफुलची आई, दारातच उभ्या होत्या. साठीच्या आत-बाहेर, काटक, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. “जयभीम, मॅडम,” त्या म्हणाल्या. आता, मी जपानी मठातले मंत्र सुरात म्हणते. पाहुण्यासमोर कितव्या अंशात वाकायचं ते मला पाठ आहे. आणि या चार अक्षरी अभिवादनाला माझ्या तोंडून जे निघालं ते साधारण “हंहं, नमस्ते हं” असं होतं. पन्नाशी उलटली तरी हा शब्द मी एकदाही कोणाला उलट म्हटला नव्हता, हे मला त्या दारात कळलं.

घरात भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि शेजारी निळ्या कोटातला तो फोटो. बोलायला विषय हवा म्हणून मी माझ्या बाल्कनीतल्या बुद्धाचा फोटो मोबाईलवर दाखवला. कारंज्यावर ठेवलेलं डोकं, कानांवरून पाणी वाहतंय.

वच्छलाबाईंनी चष्मा नीट केला. “धड कोठं गेलं?”

“नुसतं डोकंच मिळतं. शोभेचं असतं.”

“असं काहून?” त्यांनी विचारलं. व्याख्यानांच्या बावीस वर्षांत हा प्रश्न पुण्यात कोणी विचारला नव्हता.

जेवायला ज्वारीची भाकर, सोले-वांग्याची भाजी आणि गरम तेलात कालवलेला मिरचीचा भुरका. हिरव्या तुरीचे ते दाणे जानेवारीतच खावेत. मी जपानी शिस्तीत ताट बोटानं पुसून चकचकीत केलं, तर त्यात दुसरी भाकर पडली. ती संपवली, तिसरी आली. शीत टाकायचं नाही हे माझं ब्रीद आणि रिकाम्या ताटाला उपाशी पाहुणा समजायचं हे त्यांचं. चौथ्या भाकरीला माझे डोळे पांढरे झाले.

“थोडं ताटात ठेवा न, म्हंजे आमाले समजते,” वच्छलाबाई हसून म्हणाल्या.

“राहिलेलं झाकून ठेवा, सकाळी मी खाईन,” मी म्हणाले. “आमच्याकडे काही वाया जात नसे. माझी आई याबाबतीत अगदी जपानीच. उरलेलं सगळं कामवाल्या बाईला द्यायची.”

वच्छलाबाईंनी भाकरीच्या टोपल्यावर फडकं टाकलं. “तिले विचारत होत्या का, पायजे का म्हून?”

विचारल्याचं मला आठवेना. त्यांनी उरलेला चतकोर बकरीपुढे ठेवला आणि माझ्यासाठी सकाळी ताजी भाकर थापली. शिळं पाहुण्याला द्यायचं नाही आणि कोणाचं घ्यायचं नाही, असं त्यांनी मला सकाळी सहज सांगितलं. मी ते वहीत ‘स्थानिक चालीरीती’ या मथळ्याखाली टिपलं आणि विसरले.

दुसरा दिवस, विहाराचा ओटा

अकरा बायका जमल्या. तिन्ही मशिनींवरची फडकी काढून त्या पुसून ठेवल्या होत्या, तेल घातलं होतं. वीज गेली होती म्हणून मी लॅपटॉप मांडीवर घेऊन स्लाइड दाखवल्या. भाताच्या शितावर एकही बाई हलली नाही. त्यांना काटकसर शिकवणं म्हणजे काय प्रकार आहे ते मला चौथ्या स्लाइडला जाणवलं, पण स्लाइड एकूण सव्वीस होत्या.

गटाची सचिव प्रज्ञा. बी.ए. झालेली, सासर याच गावातलं. तिनं हात वर केला.

“मॅडम, वस्तूचं समजलं. माणूस वाया गेला तं जपानीत काय म्हंते?”

“तेच म्हणतात. हुशार माणूस हलक्या कामाला लावला, तर त्यालाही मोत्ताइनाई.”

“मंग एक स्लाइड माही घाला. फर्स्ट क्लास आहे अन् कापूस येचून राह्यली.”

बायका खळखळून हसल्या. मीही हसले आणि वेळ बरी आहे असं समजून पोत्यांची तोंडं सोडली.

पहिली निघाली ती गुलाबी साडी, पदरावर आमटीचा डाग. तिच्यामागून माळ्यावरचा कोंदट वास, डांबराच्या गोळ्या आणि घाम असा सगळा ऐवज बाहेर आला. एका साडीच्या घडीत घामानं पिवळी पडलेली चोळी तशीच होती. फॉल उसवलेले, निऱ्या चुरगळलेल्या. माझी स्वतःचीही एक होती, ती मी लगबगीनं खाली ढकलली. मी मान वर केली तेव्हा अकराच्या अकरा जणींनी हात मांडीत ओढून घेतले होते.

“ह्या नेसलेल्या आहेत?” वच्छलाबाईंनी विचारलं.

“हो. आमच्या सोसायटीतल्या बायकांनी प्रेमानं दिल्यात. तीच तर कल्पना आहे!”

प्रज्ञा हळूच म्हणाली, “आमाले वाटलं, तुमी तागे आणसान.”

मग वच्छलाबाई बोलल्या. आवाज चढवला नाही, मशिनीचं चाक हातानं सावकाश फिरवत बोलल्या.

“माही सासू मोठ्या घरचं काम करे. वर्षाचं एक उतरलेलं लुगडं भेटे, सणाले शिळं भेटे. छप्पनच्या दीक्षेहून आली अन् घरातलं तसं जेवढं लुगडं होतं तेवढं तिनं नाल्यात टाकलं. नेसाले दुसरं नोतं, मॅडम. अंगावर एक. राती धुवे, सकाळी ओलंच नेसे, अन् वावरात जाये. वाळे मंग अंगावरच. तवापासून या वस्तीत कोणाचं उतरलेलं येत नाही. पोराले कमी पडलं तरी आणलं नाही.”

इथं शहाण्या बाईनं पोती बांधली असती. पण मी व्याख्याती. माझ्याकडे हुकमाचं पान होतं आणि ते मी टाकलं. म्हटलं, “वच्छलाबाई, पण प्रत्यक्ष बुद्धाचे भिक्खू काय नेसत? लोकांनी टाकलेल्या चिंध्या! त्या वेचायच्या, धुवायच्या, शिवायच्या, त्याचं चीवर करायचं. जपानात आजही अशी वस्त्रं जपून ठेवलीत. फेकलेल्या कापडाला मान देणं हीच तर बुद्धाची शिकवण.”

सांगताना माझा आवाज भरूनही आला होता. व्याख्यानात या ठिकाणी येतोच.

वच्छलाबाईंनी चाक थांबवलं. “तथागत राजाचे पोरगे होते, मॅडम. त्याईनं आपल्या हातानं उचललं. आमच्या अंगावर तं फेकत होते.”

मी लॅपटॉप मिटला. बावीस वर्षांत मला कोणी इतक्या थोडक्या शब्दांत गप्प केलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मला फार राग आला. एवढ्या लांब पोती वाहून आणली, आणि यांना साधा व्यवहार कळत नाही! मशिनी रिकाम्या, हात रिकामे, आणि वर हा ताठा. रशीदभाईंच्या गॅरेजवर जाऊन मी सोडा प्यायले. कालच्या चार भाकरी अजून खाली उतरल्या नव्हत्या, त्यामुळे रागाला पोटाचीही साथ होती.

तिसरा दिवस

सकाळी दार उघडलं आणि मी थक्क झाले. अख्ख्या वस्तीत साड्या! काट्याच्या कुंपणांवर, तारांवर, कापसाच्या वाळल्या पऱ्हाटीच्या ढिगांवर, विहाराच्या कठड्यावर, आमच्या सोसायटीची ती सगळी गुलाबी-जांभळी संपत्ती धुऊन वाळत घातलेली. ओट्यावर चार जणी सुई-दोरा घेऊन बसल्या होत्या. प्रज्ञा मशिनीवर भरभर फॉल शिवत होती.

जिंकले! शेवटी शब्दाची ताकद. मी धावत फिरून वीस-पंचवीस फोटो काढले आणि ग्रुपवर टाकले. खाली लिहिलं, ‘विदर्भाच्या भगिनींनी आपल्या साड्या स्वीकारल्या. मोत्ताइनाई!’ लाल बदामांचा पाऊस पडला. एकीनं जपानी झेंडा टाकला. एकीनं बुद्धाचं डोकं टाकलं. ग्रुपवरची दाद प्रज्ञाला दाखवावी म्हणून मी फोन तिच्या हातात दिला.

तिनं फोटोखालचा मजकूर वाचला आणि मशीन थांबवली. “मॅडम, हे परत न्याले आहेत.”

“परत?”

“तुमच्यासंगं. रशीदभाईले सांगतलं आहे, दुपारची एसटी भेटते.”

“मग धुतल्या कशाला? शिवताय कशाला?”

उत्तर वच्छलाबाईंनी दिलं. त्या त्याच गुलाबी साडीच्या घड्या घालत होत्या, आमटीच्या डागाचा मागमूस नव्हता. “जशा आल्या तशा कशा देऊ? आमच्या घरातून कोणाले मयकं, फाटकं जात नाही.”

शरम म्हणजे काय ते मी अनेक जपानी लेखांत वाचलं आहे, त्यावर वर्गात दीड तास बोलते. त्या ओट्यावर मात्र मला ती नुसती वाटली, आणि मान वर करता येईना.

पण प्रज्ञा माझ्यासारखी हवेत नव्हती. ती वच्छलाबाईंकडे वळली. “काकू, मान राखला, चांगलं केलं. आता मशिनीचं काय? दोन वर्सं झाली झाकून आहेत. मॅडम गेल्या का काम गेलं.”

वच्छलाबाई उठून घरात गेल्या. परत आल्या तेव्हा हातात एक सुती पातळ होतं, हिरवं, उन्हानं विटलेलं, पण स्वच्छ आणि धुऊन धुऊन मऊ पडलेलं. वेचणीला नेसायचं. ते त्यांनी माझ्या मांडीवर ठेवलं.

“आमी पिशव्या शिवतो. आमच्या पातळाच्या. पिशवीवर कागद लावा, कोणाचं पातळ होतं ते नाव टाका, गाव टाका. तुमच्या बाया घेतीन का?”

“का नाही घेणार!” मी जरा जास्तच मोठ्यानं म्हणाले.

“तुमी घ्यान?”

“हो.”

पण त्या ‘हो’च्या आधी जराशी फट पडली होती. फार नाही, पदर सावरायला लागते तेवढीच. अकराही जणींच्या ती लक्षात आली.

“मंग त्याईलेही विचारा,” वच्छलाबाई म्हणाल्या. “आताच विचारा, आमच्या समोर.”

प्रज्ञाच्या हातातल्या फोनवर मी सांगत गेले आणि ती लिहीत गेली. गावातल्या बायका आपल्या वापरलेल्या साड्यांच्या पिशव्या शिवतील. प्रत्येकीवर साडी वापरणाऱ्या बाईचं नाव असेल. कोणाकोणाला हवी?

आम्ही सगळ्या त्या फोनभोवती बसून राहिलो. मघाशी बदामांनी लाल झालेला तो पडदा एकदम निपचित पडला.

“किती जणीनं वाचलं?” वच्छलाबाईंनी विचारलं.

“सदतीस. समद्या जणीनं,” प्रज्ञा म्हणाली.

“लिवलं काय?”

“काईच नाही.”

या बायकांना मी ओळखत होते. यांच्यासाठी जपानहून मी जुन्या कपड्यांच्या दुकानातले किमोनो आणले होते. कोणाचे, कोणी नेसलेले, एकीनंही विचारलं नव्हतं, आणि ते अंगावर घालून यांनी फोटो काढले होते. मी काहीतरी सारवासारव करणार, तेवढ्यात फोन वाजला. एक उत्तर आलं होतं. प्रज्ञानं ते मोठ्यानं वाचलं.

“‘सुंदर कल्पना! फक्त एक विचारू? धुऊन येतील ना?’”

मग ओट्याच्या टोकाला कोणीतरी फिस्सकन हसलं, आणि एकीचं बघून दुसरी असं करत सगळ्या हसायला लागल्या. वच्छलाबाई हसल्या नाहीत. त्यांच्या हातात आमच्या सोसायटीची शेवटची साडी होती. तिची चौकोनी घडी घालून त्यांनी ती पोत्यात ठेवली.

“लिव,” त्या प्रज्ञाला म्हणाल्या. “धुवून येतीन. तुमच्या नोत्या आल्या.”

प्रज्ञानं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, “लिही. अक्षरही बदलू नकोस.”

पुणे

त्या उत्तरानंतर तीन बायका ग्रुप सोडून गेल्या. ज्यांच्या साड्या होत्या त्यांना मी त्या घरोघरी परत नेऊन दिल्या. “अय्या, किती छान धुतल्यात! मग आता या कोणाला द्यायच्या?” असं दोघींनी विचारलं. पिशव्या मात्र होऊ लागल्या आहेत. आजवर नऊ जणींनी मागवल्या, नावासकट. नऊ पिशव्यांनी तीन मशिनींचा उन्हाळा निघत नाही, हे प्रज्ञा मला दर आठवड्याला फोनवर सुनावते आणि मी पुढची गिऱ्हाइकं शोधायला निघते. व्याख्यानं मी थांबवलेली नाहीत, पण स्लाइड आता सहा आहेत, आणि त्यांत एक प्रज्ञाची आहे.

पहिली पिशवी वच्छलाबाईंच्या हिरव्या पातळाची, ती माझ्या खांद्याला असते. व्याख्यानानंतर बायका जवळ येतात, कापड बोटांत धरून बघतात. म्हणतात, “किती मऊ! जपानहून आणली का हो?”

मी सांगते, “नाही. दिग्रसजवळच्या वच्छलाबाईंचं कापूस वेचायचं पातळ आहे हे.” आणि मग मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत नाही, कापडावरच्या बोटांकडे बघते.